धाकट्या घराची ऊब

रिआल देल मोंते,
जानेवारी, रविवार

प्रिय सित्लाली,

'प्रिय' लिहिलं, कारण पत्र दुसरं कसं सुरू करतात ते मला ठाऊक नाही. त्यावरून काही समजूत करून घेऊ नकोस. तुझी चिठ्ठी शेजारच्या पेत्रा मावशीच्या दुकानात आली आणि तिने ती पावाच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली, आईच्या नजरेस पडू नये म्हणून. आमच्या घरातलं अख्ख्या गावाला आधी कळतं आणि आम्हाला शेवटी. तू तीनच ओळी लिहिल्या आहेस. कनेला जिवंत आहे का? तिला ऊब मिळते का? ती माझी आहे, मला न्यायला येऊ द्याल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं या पत्रात मिळतील, तिसऱ्याचं शेवटी देईन. तोवर ऐकून घे. एका बापाच्या दोन मुली, पण एकमेकींना लिहायची ही पहिलीच वेळ आहे, आणि माझ्या बाजूने बहुधा शेवटची.

तुला मी एकदाच पाहिलं. बाबा गेल्यावर नऊ दिवस आमच्याकडे प्रार्थना होती, त्यातल्या शेवटच्या दिवशी तू गोड पावाचं ताट घेऊन दारात उभी होतीस. मला वाटलं, बाबांनी कुणाच्या घरी विजेचं काम केलं असेल, तिथली मुलगी आली असेल. आईने तुला कॉफी दिली, मक्याच्या पिठाचा वाफवलेला तामाल दिला, बसायला खुर्ची दिली. तू बसली नाहीस. तू थेट सापाच्या पेटीपाशी गेलीस, काचेला तळहात लावलास आणि हळूच म्हणालीस, "कनेला." तेरा वर्षं आमच्या घरात तो नुसता 'साप' होता. तुमच्याकडे ती दालचिनीच्या रंगाची लाडकी कनेला होती, हे मला तेव्हा कळलं नाही. साप मात्र कोपऱ्यातून सरकत तुझ्या हाताशी आला. माळ ओढणाऱ्या बायकांचे हात थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "आली बाई धाकट्या घराची माणसं," आणि मी हसले. मला वाटलं पेटीबद्दलच बोलताहेत.

कारण सापाच्या पेटीला आमच्या घरात 'धाकटं घर'च म्हणत. धाकटं घर म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. लग्नाच्या बायकोचं ते थोरलं घर, आणि पुरुष दुसरीला करून देतो ते धाकटं. गावात असली घरं कमी नाहीत. बाबा तासन् तास पेटीसमोर बसत, कधी तारा खालीवर कर, कधी पाण्याचं भांडं बदल. कुणी विचारलं की आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "आहेत ना, धाकट्या घरी आहेत." पाहुणे पोट धरून हसायचे. "इतर बायकांचे नवरे धाकट्या घरी जाऊन पैसे उडवतात, माझा उंदीर खाऊ घालतो," असं ती वर म्हणायची. बाबाही हसायचे. आता आठवलं की वाटतं, ते जरा उशिराच हसायचे.

साप आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तिकडच्या वासटेका भागातलं एक गिऱ्हाईक सीमेपलीकडे निघून गेलं आणि हे पिल्लू गळ्यात मारून गेलं, असं बाबांनी सांगितलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं आई तेव्हा म्हणाली होती. आता बाबांच्या एका वहीत, तिचं पुढे सांगते, वाचलं की तुझ्या दहाव्या वाढदिवसाला तू साप मागितलास, त्यांनी आणून दिला, आणि पंधराच दिवसांत तुमच्या घरमालकिणीने तो बाहेर काढायला लावला. मग तो कुठे ठेवायचा? थोरलं घर होतंच. दर रविवारी सापाला उशीच्या अभ्र्यात घालून ते खाली पाचुका शहरात घेऊन जायचे. इथे वर धुकं, खाली ऊन, आणि सापाला ऊन लागतं, असं सांगायचे. आम्हाला ते पटायचंही. मी तर जाताना त्यांच्या डब्यात दोन गरम पास्ते, आपल्या गावच्या त्या मांस-बटाट्याच्या भाजलेल्या करंज्या, भरून द्यायचे. ते कुणी खाल्ले, ते तुला माहीत.

आमचं घर तू पाहिलंस, पण डिसेंबरात पाहिलं नाहीस. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, आणि इथल्या सगळ्या घरांसारखंच आत ऊब नावाला नाही. थंडी पडली की स्वेटरवर स्वेटर आणि वाघाचं चित्र असलेली जाड गोधडी, बस. माझी खोली उत्तरेकडची, तिथे भिंतीला ओल धरते. साप आला त्या वर्षी मी पास्त्यांच्या भट्टीवर नुकतीच कामाला लागले होते. पहाटे भट्टीपुढे भाजून निघायचं आणि घामेजल्या अंगाने धुक्यातून घरी यायचं. छातीत कफ झाला, मग न्यूमोनिया. नाताळाच्या बक्षिशीतून मी स्वतःसाठी एक छोटा हीटर घेतला होता. मागच्या पत्र्यावर नखांच्या लाल रंगाने माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं होतं, आ. दोन आठवड्यांतच बाबा म्हणाले, "आरासेली, तुझा हीटर जळाला गं. असला माल टिकत नाही." विजेची कामं करणारा माणूस, स्वतःचा बाप. मी का शंका घेऊ? तो हिवाळा मी खोकत काढला, अजूनही धुकं उतरलं की छाती घरघरते.

बाबा नोव्हेंबरात गेले. पेटीचं सगळं तेच बघत, आम्हाला फक्त उंदीर कुठून आणायचे तेवढं माहीत. डिसेंबरच्या मध्यावर चार दिवस धुकं हललंच नाही आणि एका दुपारी वीज गेली. संध्याकाळी घरातले दिवे लागले, पण पेटी गारच राहिली. आईने काय करावं? तिला जे ठाऊक होतं तेच केलं. आपली वाघाची गोधडी पेटीत घातली आणि सापाला नीट गुंडाळून ठेवलं. आठ दिवस. रोज सकाळी गोधडी झटकायची, पुन्हा गुंडाळायची. मी पहाटे जायचे, थकून यायचे, मला दिसायची फक्त गोधडी. नवव्या दिवशी आई म्हणाली, "हा तोंड उघडून झोपतोय. आणि नाकाशी फेस येतोय." मी हात लावला तर नदीतला धोंडा हातात घेतल्यासारखं वाटलं. श्वास घेताना त्याच्या छातीत माझ्यासारखंच घरघरत होतं.

पाचुकात जनावरांचा एक तरुण डॉक्टर आहे, तो सापांचंही बघतो. सापाला कुशीत घेऊन मी बसने गेले, शेजारची बाई उठून मागे जाऊन उभी राहिली. गोधडीचं सांगितल्यावर डॉक्टर हसला नाही, त्याचे आभार. म्हणाला, "ताई, गोधडी ऊब देत नाही. अंगात असलेली ऊब धरून ठेवते. ह्याच्या अंगात स्वतःची ऊबच नसते, बाहेरून घ्यावी लागते. तुम्ही त्याची थंडी गुंडाळून ठेवलीत." आम्ही इतकी वर्षं थंडीला एकच औषध ओळखतो, आणि ते ह्या जिवाला विषासारखं होतं. त्याने सुई टोचली, आणखी सुयांच्या तारखा दिल्या आणि बजावलं की आजच्या आज पेटी गरम झाली नाही तर सुयांचा उपयोग नाही. नवा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरल्या अंशाला हीटर बंद-चालू करणारी डबी, ती, वीज आली-गेली तेव्हा जुनी जळाली असेल असं तो म्हणाला म्हणून, मी येताना घेऊन आले.

तो रविवार होता. आई प्रार्थनेला गेली होती. मी पेटीची मागची फळी उघडली. थर्मोस्टॅट जळून काळा पडला होता, त्याच्याआड एक निळी वही खोचलेली. मला वाटलं किती अंश ठेवायचे ते लिहिलं असेल. ते होतंच. गरम बाजू बत्तीस, गार बाजू पंचवीस. आणि खाली, त्याच अक्षरात, 'सि.ने अर्धा तास हातात धरली.' 'कनेलाने कात टाकली, सि.ला दिली, वहीत चिकटवणार म्हणते.' 'सि.ला ताप, गेलो नाही, चैन पडत नाही.' 'सि. गणितात पहिली.' तेरा वर्षांचे रविवार, सित्लाली. एका बैठकीत मी सगळे वाचले, आणि मग निर्लज्जासारखी मागून पुढे, पुढून मागे पानं उलटत आपल्या नावाचं अक्षर शोधत बसले. एकदाच सापडलं. पहिल्याच हिवाळ्यात. 'आ.चा हीटर जळाला असं सांगितलं. कनेलाच्या पेटीत बसवला. बत्तीस मिळाले. आ. खोकते आहे.'

बॅटरी आत धरली. तारेच्या जाळीमागे माझा हीटर होता, त्यावर लाल 'आ'. नीट पुसलेला, ठणठणीत. तेरा वर्षांपूर्वी जळालेला हीटर.

आता सांगते ते आईशिवाय कुणाला माहीत नाही. मी नवा थर्मोस्टॅट बसवला नाही. दहा मिनिटांचं काम होतं. फळी परत लावली, स्क्रू पिळले, सापाला गार पेटीत ठेवलं आणि सोमवारी पहाटे भट्टीवर निघून गेले. जाताना मला पक्कं ठाऊक होतं की संध्याकाळपर्यंत तो मरेल. दिवसभर मी पास्त्यांच्या कडा मुडपत होते आणि मनात एकच येत होतं, मरू दे. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी तू. तुझा साप माझ्या उबेवर वाढला. तू त्याला आठवड्यातून अर्धा तास हातात घेतलंस, आणि त्याची घाण मी काढली. ही चीड मी इथे मुद्दाम जशीच्या तशी लिहिते आहे, कारण ती गेलेली नाही.

तीनला घरी आले तर पेटी रिकामी. मला वाटलं आईने पुरला. ती स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खुर्चीवर ताठ बसली होती, अंगात माझं आणि स्वतःचं अशी दोन स्वेटरं, वरून शाल, आणि पोट पुढे आलेलं. शालीच्या कडेतून शेपटीचं टोक बाहेर. सात फुटांचा साप तिने पोटाशी वेटोळं करून धरला होता. पहाटेपासून. पाणी प्यायलाही उठली नव्हती. म्हणाली, "डॉक्टर म्हणाला ना, बाहेरून लागते म्हणून. माझ्या अंगात आहे अजून थोडी." मी तिथेच भांडायला सुरुवात केली. वही तिच्या मांडीवर टाकली, तुझं नाव सांगितलं, तुझ्या आईचं सांगितलं. कुणाचा आहे हा साप ते तरी माहीत आहे का तुला, असं ओरडले. ती म्हणाली, "ओरडू नकोस, तो दचकतो." आणि मग, "पोरी, त्या पेटीचं नाव कुणी ठेवलं असं तुला वाटतं?"

मला आजवर वाटायचं, तो बाबांचाच विनोद. नाव तिनेच ठेवलं होतं, आणि पहिल्याच महिन्यात. तिला कळलं ते उशीच्या अभ्र्यामुळे. बाबा साप अभ्र्यात घालून न्यायचे, तोच परत आणायचे, पण परत येताना तो धुतलेला असायचा आणि इस्त्री केलेला. "आपल्या घरात कुणी अभ्र्याला इस्त्री करतं का? तुझ्या बापाने जन्मात स्वतःच्या सदऱ्याला केली नाही," आई म्हणाली. मग एवढी वर्षं गप्प का बसलीस, मी विचारलं. "गप्प कुठे बसले? रोज सगळ्यांदेखत सांगत होते. त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नव्हती, म्हणून पेटीला नाव ठेवलं. त्याला रोज ऐकावं लागलं. तेवढंच माझ्या हातात होतं." मला राग आला तो तिचा. तिचं टोमण्यावर भागलं, आणि मला कुणी काही सांगितलंच नाही. हीटरचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. ती ओळ मी वाचून दाखवली, 'आ. खोकते आहे' सकट. तिने पोटाशी धरलेल्या सापावर शाल नीट ओढून घेतली. मग म्हणाली, "हत्यारांची पेटी आण." त्या संध्याकाळी तिने बॅटरी धरली आणि मी थर्मोस्टॅट बसवला. हीटर तात्पुरता होता तिथेच राहू दिला, कारण आधी जीव वाचवायचा होता. "बापाचं पाप त्याच्या अंगावर कशाला," ती म्हणाली. 'त्याच्या' म्हणजे सापाच्या. तुझ्याबद्दल ती काही म्हणाली नाही.

तर तुझ्या पहिल्या दोन ओळींची उत्तरं अशी. कनेला जिवंत आहे. नाकाचा फेस थांबला, सुया संपल्या, गेल्या मंगळवारी पहिला उंदीर खाल्ला. तिला ऊब मिळते. मी तिच्यासाठी सिरॅमिकचा नवा गोळा आणला, तो उजेड न पाडता तापतो. आता तुझं ऐक. काचेची पेटी आणू नकोस, काचेत ऊब राहत नाही. लाकडाची करून घे, फक्त पुढे काच. जमिनीवर ठेवू नकोस आणि बाहेरच्या भिंतीला तर मुळीच नको, मागे थर्माकोल लाव, पण हवेची भोकं बुजवू नकोस. गोळा एका टोकाला वर, आणि त्याला तारेची जाळी हवीच, कारण हा प्राणी चटका बसला तरी लवकर बाजूला होत नाही. थर्मोस्टॅटची तार गरम बाजूला पक्की बांध, पाण्याच्या भांड्यापासून लांब. त्या बाजूला बत्तीस, दुसऱ्या बाजूला पंचवीस, सगळीकडे सारखं तापवू नकोस. गरम वाटलं तर गारव्यात जायला जागा हवी. आणि लपायला खोकी दोन ठेव, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, अंगाला चारही बाजूंनी घासतील इतकी अरुंद. एकच ठेवलंस तर ती ऊब आणि आसरा यांतलं एक निवडते, आणि बहुतेक वेळा आसरा निवडून थंडीत बसते. डॉक्टरने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, डॉक्टर, दोन घरं करून राहणारे आमच्याकडे माणसांतही आहेत. त्याला काही कळलं नाही.

रिकामी पेटी आठ दिवस चालवून बघ. दोन्ही टोकांना तापमापक लाव आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून काढ, मनाने ठोकू नकोस. ते आकडे पेत्रा मावशीच्या पत्त्यावर पाठव. मी भट्टीवर काम करते, खोटे आकडे मला बघताच कळतात. आणि काही झालं, वीज गेली, काही बिघडलं, तर गोधडी घालू नकोस. पोटाशी धर.

आता तिसऱ्या ओळीचं. ने तिला. तुझीच आहे, वहीत पहिल्या पानावर तारखेसकट लिहिलं आहे, मी कोण नाही म्हणणार. हे पत्र मी एवढंच कळवायला घेतलं होतं आणि इतकी पानं झाली. आकडे बरोबर आले की रविवारी दुपारी ये, पुढच्या दाराने ये. आई घरी असेल. ती म्हणाली आहे, "अभ्रा तिचा तिला आणायला सांग, आपले सगळे ह्याच्यापायी फाटून गेले." वही मी पेटीतच ठेवली आहे, तीही तुझी. त्यातलं एक पान फाडून घेतलं आहे, शोधू नकोस. पेटी रिकामी झाली की आई तिथे कांदे ठेवणार म्हणते. आणि हीटर मिळणार नाही. तो काल मी स्वतः उतरवला, मागचं लाल अक्षर तसंच आहे. माझ्या खोलीत लावला आहे, हे पत्र त्याच्याकडे पाय करून लिहिते आहे. छातीतली घरघर काही थांबलेली नाही.

तुझी
('च' लावलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही)

आरासेली